लिमये वहिनींचा फिशिंग क्लब

आमच्या वसईला मासे पकडणारी माणसं मी जन्मापासून बघत आलो. पावसाळ्यात शेतात चढणीचे मासे धरणारी, खाडीत पागाचं जाळं टाकणारी, नुसता गळ टाकून अख्खा रविवार बांधावर बसून राहणारी. ही सगळी माणसं शेवटी मासा घेऊन घरी जायची आणि घरी त्याचं कालवण व्हायचं. मासा पकडण्याचा दुसरा काही शेवट असू शकतो, हे मला चाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. ते शिकवलं पुण्याच्या एका बाईंनी, ज्यांनी आयुष्यात अंड्याचा केकसुद्धा खाल्ला नव्हता. आणि तेही दुबईत.

अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिमये कुटुंब आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचं. लिमये एका कन्स्ट्रक्शन कंपनीत इंजिनिअर. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी हा त्यांचा विषय. वहिनी जवळच्याच एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायच्या. मुलगा पुण्याला होस्टेलवर. दाराशी येता-जाता नमस्कार, दिवाळीत त्यांचा चिवडा आमच्याकडे, नाताळात आमची करंजी त्यांच्याकडे, आणि करंजीत अंडं नाही ना याची लीनाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, हळूच चौकशी. एवढीच ओळख.

एकदा संध्याकाळी डिश अँटेना हलली म्हणून मी टेरेसवर गेलो. वहिनी तिथं एकट्याच होत्या. पायात स्पोर्ट्स शूज, ओढणी कमरेला खोचलेली, आणि हातात चांगली दोन माणसं उंचीची, वेतासारखी लवणारी एक काठी. काठीच्या टोकापासून एक पिवळा दोर त्यांच्या डोक्यावरून मागे जायचा, हवेत सरळ व्हायचा, मग पुढं यायचा. समोर दूर एक स्टीलचं ताट पालथं घातलेलं. दोराच्या टोकाची गाठ त्या ताटावर टक् करून पडायची. आणि हे सगळं चालू असताना बाई तोंडानं म्हणत होत्या, "धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता..."

"वहिनी, हे काय?"

"मासे पकडायची प्रॅक्टिस."

"इथं? टेरेसवर?"

"पाण्यात उतरायच्या आधी हात बसायला नको का?"

"पण तुम्ही तर..."

"खायचे कुठं आहेत हो भावजी. धरायचा, डोळे भरून बघायचा, सोडायचा."

मी अँटेनाला हात न लावताच खाली आलो आणि लीनाला सांगितलं, की समोरच्या वहिनींची तब्येत जरा बघायला हवी.

ही विद्या त्यांना कुठून मिळाली ते नंतर कळलं. लिमयेंचे बॉस एक स्कॉटिश गृहस्थ होते. आडनाव मोठं होतं, पण सगळं ऑफिस त्यांना मॅक साहेबच म्हणायचं. साठीला आलेले, उन्हानं नाक कायम सोललेलं. त्यांच्या गावात एक ओढा होता आणि ओढ्यात ट्राउट नावाचा मासा. ट्राउटला गार पाणी लागतं. पाणी कोमट झालं की त्याचा जीव घाबरतो. फार पूर्वी तिथं काठची झाडं तोडली गेली, पाण्यावर ऊन पडायला लागलं आणि ट्राउट दिसेनासा झाला. मॅक साहेबांच्या वडिलांनी शेजाऱ्यांना गोळा करून वर्षानुवर्षं काठावर झाडं लावली. सावली आली, पाणी गार झालं, मासा परत आला. मॅक साहेब ही गोष्ट एखाद्या घराण्याचा इतिहास सांगावा तशी सांगायचे.

त्यांनीच दुबईत एक क्लब काढला होता. नाव 'कोल्ड वॉटर क्लब'. उन्हाळ्यात नळाचं पाणी बादलीत काढून निववावं लागतं अशा मुलखात क्लबला असं नाव द्यायला एकतर विनोदबुद्धी लागते, नाहीतर घरची आठवण. त्यांच्याकडे दोन्ही होतं. क्लबची निम्मी वर्गणी त्या गावच्या ओढ्याकाठच्या झाडांना जायची. बाकी काम म्हणजे शुक्रवारी सकाळी उम्म अल कुवैनच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून फ्लाय-फिशिंग करायचं. यात गळाला किडा किंवा कोळंबी लावत नाहीत. पिसं आणि दोरे गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. तिला वजन नसतं, त्यामुळे ती भिरकावता येत नाही. दोरच असा फेकावा लागतो की माशी पाण्यावर अलगद टेकेल.

कंपनीच्या फॅमिली डेला मॅक साहेबांनी सगळ्यांना खाडीवर नेलं आणि काठी एकेकाच्या हातात दिली. कोणाचा दोर गळ्याभोवती गुंडाळला, कोणाचा छत्रीत अडकला. लिमयेंनी स्वतःचीच टोपी पकडली. वहिनी सँडविचचा डबा मांडीवर घेऊन बघत होत्या. त्या लहानपणी वडिलांकडे दहा वर्षं तबला शिकलेल्या. त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस तीनतालात हात फिरवतोय. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला द्या."

तिसऱ्या फेकीला दोर सुतासारखा सरळ पडला.

"मिसेस लिमये, हू टॉट यू?" मॅक साहेबांनी विचारलं.

"माय फादर."

"ही वॉज अ फिशरमन?"

"नो, नो. तबला."

मॅक साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी त्याच दिवशी वहिनींना क्लबात घेतलं.

पुढं अनेकांना शिकवताना मी त्यांना ऐकलंय. "मागची फेक तालाच्या 'खाली'वर, पुढची समेवर. मधे थांबायचं. दोर मागे पूर्ण उलगडू द्यायचा. सगळी माणसं चुकतात ती थांबण्यात." आणि शिकणारा उतावीळ झाला की ठरलेलं वाक्य: "घाई कोणाला आहे, तुम्हाला की माशाला?" हे वाक्य त्या वर्गात वापरायच्या, भाजीच्या रांगेत वापरायच्या, आणि लिफ्टचं बटण चारदा दाबणाऱ्या मलाही ऐकवायच्या.

टेरेसवरच्या भेटीनंतर त्यांनी आम्हाला एका शुक्रवारी खाडीवर नेलं. मी, लीना आणि आमची आठ वर्षांची रिया. पहाटेची भरती नुकतीच ओसरत होती. खारफुटीच्या मुळांशी खेकडे तुरुतुरु पळत होते, पलीकडे फ्लेमिंगो एका पायावर उभे. वहिनी पाण्यात शिरल्या. अर्धा तास काही घडलं नाही. मग दोर ताणला गेला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, आला."

मासा चांगला हातभर, चांदीच्या पत्र्यासारखा चकचकीत. इंग्रजीत त्याला क्वीनफिश म्हणतात. वहिनींनी आधी हात पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हातानं धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो. मग त्याला पाण्यातच धरून गळ सोडवता सोडवता त्याच्याशी बोलायला लागल्या. "माफ करा हं. फार त्रास झाला का? झालंच आता. हं, या."

वर्गातल्या मुलांना, वॉचमनला, मंत्र्यांनासुद्धा अरे-तुरे करणाऱ्या या बाई माशाला मात्र अहो-जाहो करायच्या.

मासा शेपटी मारून गेला. लीनानं माझा दंड धरला. "सोडला?" ती कुजबुजली. "अख्खा? याचं चार माणसांचं कालवण झालं असतं."

रियाची अडचण वेगळी होती. "डॅडी, शी सेड सॉरी टू द फिश."

"येस."

"इन मराठी?"

"येस."

"डज द फिश नो मराठी?"

वहिनींनी ते ऐकलं. "अगं, भाषा नाही कळली तरी सूर कळतो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दोर फेकायला लागल्या. त्या दिवसापासून रियानं शुक्रवार सोडला नाही, त्यामुळे मलाही सोडता आला नाही.

मग २००८ संपता संपता ते मंदीचं वादळ आलं. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून रोज कोणाचा ना कोणाचा सोफा खाली जाताना दिसायला लागला. मी एका हॉटेलच्या पर्चेसमध्ये होतो. आमचे पगार कापले, पण नोकरी राहिली. लिमयेंच्या कंपनीची कामं एकामागून एक थांबली. क्लबातले गोरे लोक एकेक करून घरी गेले आणि शेवटी मॅक साहेबांचीही पाळी आली.

जाण्याआधी ते लिमयेंकडे थालीपीठ खायला आले. सोबत क्लबच्या सगळ्या काठ्या, माश्या बांधायचा छोटा शिकंजा आणि ओढ्याचं पाणी मोजायचा एक थर्मामीटर. चौथं थालीपीठ संपवून ते म्हणाले, "मिसेस लिमये, द क्लब इज यू नाउ."

"आणि अजून कोण?" वहिनींनी इंग्रजीत विचारलं.

"यू," मॅक साहेब म्हणाले, "अँड जोसी."

जोसी म्हणजे एका क्लिनिकमधली फिलिपिनो नर्स. अध्यक्ष एक, सदस्य एक, असा क्लब वहिनींच्या पदरात पडला. दोन महिन्यांनी लिमयेंची नोकरी गेली.

वहिनी शिक्षिका होत्या म्हणून त्यांच्या व्हिसावर नवऱ्याला ठेवता आलं. त्यामुळे लिमये राहिले, पण नुसते राहिलेच. सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि बंद टीव्हीसमोर बसायचे. आम्ही शेजारी काय बोलावं ते न कळून उगाच क्रिकेटवर बोलायचो. वहिनींनी समजूत काढण्याच्या भानगडीत न पडता गुरुवारी रात्री जेवताना सांगितलं, "उद्या सहाला खाली. तुम्ही गाडी चालवायची. आणि चहाचा थर्मास तुमच्याकडे."

मग त्यांनी अख्ख्या बिल्डिंगवर नजर टाकली. चौथ्या मजल्यावरचा एक ड्राफ्ट्समन, दुसऱ्यावरचा एक बँकवाला, पलीकडच्या बिल्डिंगमधले दोघं मल्याळी भाऊ, सगळे नोटीस पीरियडवर. वहिनींनी एकेकाचं दार वाजवलं. "घरी बसून काय करताय? यल्ला, चला." पुढच्या महिन्यात खाडीवर नऊ माणसं होती. क्लबचा एकच नियम त्यांनी केला: स्वतःचा दोर एकदा तरी सरळ पडल्याशिवाय नोकरीचा विषय काढायचा नाही. दोर सरळ पडायला बहुतेकांना दोन-दोन तास लागायचे. आणि एकदा पडला की नोकरीबद्दल बोलायची कोणाला इच्छाच राहायची नाही. तोच दोर परत कसा पाडता येईल, यावर चर्चा सुरू व्हायची.

ड्राफ्ट्समन तीन आठवडे कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. चौथ्या शुक्रवारी त्याच्या गळाला करंगळीएवढा मासा लागला. तो दोन्ही हात वर करून पाण्यात असा नाचला की पाय घसरून पाठीवर पडला, आणि तसाच पडल्या पडल्या खदाखदा हसत राहिला. वहिनी आधी माशाकडे गेल्या. "थांबा, थांबा, त्यांना आधी सोडवू द्या," म्हणत त्यांनी मासा सोडला, मग ड्राफ्ट्समनला हात दिला.

ओहोटीला मासे मिळत नसत. तेव्हा त्या सगळ्यांना खारफुटीत घालायच्या. तिथं कोणी कोणी टाकून दिलेली नायलॉनची जाळी मुळांत अडकलेली असायची आणि त्यात खेकडे, मासे, एकदा तर जिवंत कासव. जाळी कापून, ओढून, गोण्यांत भरून आणायची. बँकवाला म्हणायचा, की आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर केलेलं काम संध्याकाळी डोळ्यांना दिसतंय.

अडचण होती ती माश्यांची, म्हणजे बांधलेल्या खोट्या माश्यांची. दुकानात एक माशी पंधरा दिरहमला. "पंधरा दिरहम, म्हणजे दोनशे रुपये एका माशीचे," वहिनी म्हणाल्या, "खऱ्या फुकट मिळतात." त्यांनी स्वतःच माश्या बांधायला घेतल्या. गणपतीच्या आराशीतली जर, बाळकृष्णाच्या जुन्या मुकुटातलं मोरपीस, लीनाच्या ख्रिसमस ट्रीची चमकी. पण कोंबड्याच्या मानेच्या पिसाला पर्याय नव्हता. म्हणून त्या बसनं शारजाला, रोल्लाच्या बाजारात गेल्या आणि एका मल्याळी माणसाच्या कोंबडीच्या दुकानासमोर नाकाला रुमाल लावून उभ्या राहिल्या. त्याला हिंदीत समजावलं, की मला फक्त पिसं पाहिजेत, बाकी कोंबडा तुम्ही ठेवा. त्यानं दर आठवड्याला पिशवी भरून पिसं ठेवायला सुरुवात केली.

हे मराठी मंडळींतल्या कोणी तरी पाहिलं. पुढच्या हळदीकुंकवाला बातमी पोचली होती: लिमयांची नोकरी गेली आणि वहिनी कोंबडीच्या दुकानात रांग लावताहेत. एका बाईंनी फार हळुवारपणे विचारलं, "मग... आता खाता का सगळं?"

वहिनी म्हणाल्या, "नाही हो. आम्ही फक्त पिसं घेतो."

उत्तर खरं होतं, पण त्यानं बातमी आणखीच पसरली. वहिनींना त्याचं इतकं हसू यायचं की सांगताना वाक्य पूर्ण व्हायचं नाही.

क्लबचं दुसरं काम होतं डोंगरातलं. तिकडे डोंगरातल्या ओढ्याला वादी म्हणतात. बहुतेक वाद्या वर्षभर कोरड्या. पण मॅक साहेबांना एक अशी वादी सापडली होती जिच्यात कातळाच्या सावलीत झऱ्याचा एक डोह होता, बाराही महिने गार. त्यात बोटाएवढे करडे मासे. तिथं काठ्या न्यायच्या नाहीत हा मॅक साहेबांचा नियम. "दॅट इज द हॉस्पिटल," ते म्हणायचे. जायचं, पिकनिकवाल्यांनी टाकलेले कोळसे आणि बाटल्या उचलायच्या, पाण्यात थर्मामीटर बुडवायचं, परत यायचं. मॅक साहेब गेल्यानंतरही दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"किती?" वहिनी विचारायच्या.

"नाइन डिग्रीज. युवर्स?"

"ट्वेंटी-फोर."

"गुड," ते म्हणायचे. मग थालीपिठाची आठवण, आणि फोन बंद.

डोहाच्या खाली खजुराची एक बाग होती. तिचे मालक बू राशिद, सत्तरीचे अरब. तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी बोलायचे. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला पिकनिकवाले समजून काठी उगारली होती. वहिनींनी कचऱ्याची भरलेली गोणी त्यांच्यासमोर उघडून धरली. तेव्हापासून त्या त्यांच्यासाठी 'मुदर्रिसा' झाल्या, म्हणजे बाई, मास्तरीणबाई. खजुराच्या दिवसांत लिमयेंच्या दाराशी करंडी यायची.

त्या वर्षी हिवाळ्यातली पावसाळी हवा सुरू व्हायच्या आधी लिमयेंना नोकरी लागली. आठ महिन्यांनी. डोंगराकडे रस्त्याचं काम करणारी एक कंपनी होती, तिच्या लेबर कॅम्पचं पाणी-ड्रेनेज बघायचं. वहिनींनी सगळ्या क्लबला शिरा खाऊ घातला. तिसऱ्या आठवड्यात आम्ही डोहावर गेलो, लिमये, वहिनी, जोसी आणि मी. वळणावरूनच पंपाचा आवाज आला.

डोहात जाडजूड पाइप सोडलेला. वर टँकर उभा. पाणी हातभर खाली गेलेलं, आणि सगळे मासे कातळाच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं जमलेले. टँकरवर कंपनीचं नाव होतं. तेच नाव लिमयेंच्या खिशातल्या कार्डावर होतं. बू राशिद आपल्या पिकअपजवळ उभे होते, त्यांचा आवाज रागानं चिरकत होता. ड्रायव्हर पठाण, बिचारा वहिनींपुढं हात जोडून सांगत होता, "बाजी, हम तो ऑर्डर पे हैं. रोड पे पानी मारना है, धूल के लिए."

वहिनींनी लिमयेंकडे पाहिलं नाही. ड्रायव्हरला म्हणाल्या, "चाय पियोगे? लेकिन जितनी देर चाय, उतनी देर पंप बंद."

त्या चहाला त्यांनी पाऊण तास लावला. पोळीचे रोल काढले, त्याच्या गावाची, मुलांची चौकशी केली. पण चहा कधी तरी संपतोच.

परत येताना लिमये गाडी चालवत होते. बिल्डिंगखाली लिमये पार्किंगला गेले तेव्हा मी विचारलं, "वहिनी, आता?"

"आता काही नाही."

"तुम्ही त्यांना सांगणार नाही?"

"नोकरी त्यांची आहे, भावजी. आठ महिने मी त्यांना त्या टीव्हीसमोर बघितलंय. मी बोलले तर ते माझ्यासाठी करतील आणि नोकरी गेली तर जन्मभर माझ्याकडे बघून गप्प राहतील. तसं नको." एवढं बोलून त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं, एकदा नव्हे, चारदा. मी त्यांना तसं करताना तेवढं एकदाच पाहिलं.

शनिवारी त्यांनी शाळेचे पेपर तपासले. लिमये टेबलाशी बसून दिवसभर काहीतरी आकडेमोड करत होते. ऑफिसचं असेल म्हणून वहिनींनी विचारलं नाही. रविवारी सकाळी लिमये प्रोजेक्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. पुढचं मला खुद्द लिमयेंनी सांगितलं, आणि तो माणूस वाढवून सांगणाऱ्यांतला नव्हे.

ते म्हणाले, रस्त्यावर धूळ बसवायला झऱ्याचं गोडं पाणी कशाला? म्युनिसिपालिटीच्या प्लँटमध्ये शुद्ध केलेलं सांडपाणी मिळतं, बागांना देतात ते. आपल्या कॅम्पपासून प्लँट लांब नाही. मी हिशोब करून आणलाय. खर्च जवळपास तेवढाच येतो. आणि डोहाचं पाणी उपसायची परवानगी आपल्याकडे आहे का, हे मी फाइलमध्ये शोधलं, मला सापडली नाही.

मॅनेजरनं हिशोबाचा कागद बाजूला ठेवला. "मिस्टर लिमये, तुम्ही प्रोबेशनवर आहात."

"येस सर," लिमये म्हणाले. "म्हणूनच लवकर सांगतोय."

तीन दिवस काही उत्तर आलं नाही. लिमये रोज वेळेवर जायचे, वेळेवर यायचे. घरी त्यांनी वहिनींना सांगितलं होतं, पण दोन वाक्यांत, बूट काढता काढता. वहिनी म्हणाल्या, "बरं." मग आत जाऊन त्यांनी त्यांच्या आवडीची भरली वांगी केली. ते बुधवारपर्यंत रोज भरली वांगी खात होते.

गुरुवारी वहिनी नववीच्या वर्गावर असताना बू राशिदांचा फोन आला. "मुदर्रिसा, पाइप खलास. टँकर शहराकडे गेला."

वहिनींनी मुलांना फळ्यावरचं उदाहरण सोडवायला सांगितलं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्या. त्याच शाळेत शिकणारी रिया तेव्हा खालच्या मैदानावर पीटीला होती. तिनं घरी येऊन सांगितलं, "डॅडी, लिमये आंटी वॉज प्लेइंग द रेलिंग." खरंच, त्या दोन्ही हातांनी लोखंडी कठड्यावर तबला वाजवत होत्या. प्रिन्सिपॉल बाहेर आल्या, त्यांनी बघितलं, आणि परत आत गेल्या.

संध्याकाळी लिमये घरी आले. वहिनी दारातच उभ्या. "कळलं का?"

"हो, कळलं," लिमये म्हणाले. "चहा टाकतेस?"

लिमये नोकरीत कायम झाले. तो मॅनेजर त्यांच्याशी पुढं कधी फार बोलला नाही, पण पाण्याचं काही असलं की त्यांनाच बोलवायचा. डोह महिनाभरात भरला. हिवाळ्यात पाऊस झाला आणि वादीतून पाणी वाहत बू राशिदांच्या बागेपर्यंत गेलं. वहिनींनी त्यांच्या परवानगीनं डोहाच्या उन्हाच्या बाजूला बोरीची रोपं लावली. तिकडे त्या झाडाला सिद्र म्हणतात, आणि ते तिथल्या मातीतलंच. फोनवर त्यांनी मॅक साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "माय फादर वुड हॅव लाइक्ड यू." वहिनींनी मला हे सांगितलं आणि लगेच पदरानं चष्मा पुसायला घेतला.

नंतरची चार-पाच वर्षं क्लब जोरात चालला. नोटीस पीरियडवाल्यांना पुन्हा नोकऱ्या लागल्या, तरी ते शुक्रवारी येतच राहिले. शाळेतली मुलं यायला लागली. दोघं मल्याळी भाऊ तीनतालाचे बोल अस्सल मल्याळी उच्चारात म्हणत दोर फेकायचे. जोसीनं आपल्या लग्नात गुच्छाला वहिनींनी बांधलेल्या माश्या लावल्या होत्या. लीना अजूनही प्रत्येक सोडलेल्या माशामागे एक उसासा टाकायची, पण आता सवयीनं.

लिमये रिटायर झाले आणि त्यांनी पुण्याला परतायचं ठरवलं. क्लब जोसीच्या आणि ड्राफ्ट्समनच्या हाती गेला. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "डोहावर जाऊन येऊ." सामानाची बांधाबांध अर्धवट टाकून आम्ही निघालो. मी, लीना, रिया, ते दोघं.

बू राशिद काठी टेकत आमच्याआधीच तिथं येऊन बसले होते. म्हणाले, "मुदर्रिसा, इतने साल आया, पानी में एक बार पाँव नहीं डाला. आज डालो. मैं मालिक बोलता है."

वहिनींनी बाटलीच्या पाण्यानं आधी पाय स्वच्छ धुतले. मग कातळावर बसून सलवार घोट्याच्या वर घेतली आणि दोन्ही पाय डोहात सोडले. क्षणभर काही नाही. मग कोपऱ्यांतून, दगडांखालून ते बोटाएवढे करडे मासे निघाले आणि त्यांच्या टाचांना लुचायला लागले. ते मासे माणसाच्या पायाची मेलेली कातडी खातात, हे बू राशिदांना माहीत होतं, वहिनींना नव्हतं.

त्या आधी दचकल्या. मग त्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या. पाय काढून घेववेना आणि ठेववेना. त्या तोंडावर ओढणी घेऊन हसत होत्या, खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बू राशिद काठी आपटून हसत होते. रिया, जी आता चौदा वर्षांची होती आणि सहसा कशालाच हसत नसे, तीही हसत होती. जन्मभर किनाऱ्यावर थर्मास घेऊन उभे राहिलेले लिमये बूट-मोजे काढून, पँट दुमडून त्यांच्या शेजारी बसले, तेव्हा अर्धे मासे तिकडे वळले.

ऊन कलायला लागलं. अजून बॅगा भरायच्या होत्या, घराची किल्ली द्यायची होती, सकाळचं विमान होतं. मी दोनदा घड्याळ बघितलं आणि शेवटी हाक मारली, "वहिनी, चला, उशीर होतोय."

त्यांनी पाण्याकडे बघतच मला हातानं थोपवलं.

"थांबा हो भावजी," त्या म्हणाल्या, "यांचं जेवण चाललंय."